पायथनमध्ये डेस्कटॉप विंडो: टीकिंटरचे नेहमीचे प्रश्न

गवाक्ष

पायथन येतं, पण विंडो-बटणांचं काम पहिल्यांदाच हातात घेतलंय, अशा लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. उत्तरं मात्र इकडेतिकडे विखुरलेली आणि बऱ्याचदा अर्धवट. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा. भर टीकिंटर या विंडो-बटणं बनवायच्या मॉड्यूलवर आहे, कारण ते पायथनसोबतच येतं आणि कार्यालयातल्या लहानसहान कामांना पुरून उरतं. पायथनचं स्वतःचं आयडल एडिटर टीकिंटरमध्येच लिहिलेलं आहे.

मागचं यंत्र थोडं ठाऊक असलेलं बरं. टीसीएल ही भाषा आणि तिचं टीके हे टूलकिट, दोन्ही जॉन आउस्टरहाउट यांनी घडवली. टीकिंटर तुमची विंडो-बटणांची प्रत्येक आज्ञा टीसीएलच्या आज्ञेत बदलून तिकडे पाठवतं. म्हणून पायथनच्या प्रोग्रॅममध्ये मध्येच 'टीसीएल एरर' दिसतो.

आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहितो आहोत. टंकताना मूळ रोमन स्पेलिंग वापरा. तुमच्या स्वतःच्या व्हेरिएबलांची आणि फंक्शनांची नावं मात्र खरोखरच देवनागरीत ठेवता येतात, पायथन ३ ला ती चालतात.

पहिली अडचण इन्स्टॉलची. 'नो मॉड्यूल नेम्ड टीकिंटर' असं आलं की लोक पिपकडे धावतात. पिपवर ते मिळत नाही. उबुंटू आणि डेबियनवर 'पायथन३-टीके' हे पॅकेज ॲप्टने घ्या, फेडोरावर 'पायथन३-टीकिंटर', मॅकवर होमब्रूचं पायथन असेल तर 'पायथन-टीके'. विंडोजवर इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय'मध्ये टीसीएल/टीके आणि आयडलची चौकट टिक करा. मग टर्मिनलवर 'पायथन -एम टीकिंटर' द्या. आवृत्ती दाखवणारी छोटी विंडो उघडली की झालं.

एवढं करूनही एरर येत असेल तर तुमच्या फोल्डरमध्ये टीकिंटर.पीवाय नावाची फाइल आहे का ते बघा. असेल तर पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तीच उचलतं.

---

काजवा

'रिपोर्ट काढा' बटण दाबलं की विंडो पांढरी पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. दोन मिनिटांनी रिपोर्ट बरोबर निघतो. मधल्या वेळात प्रोग्रेस बार हलायला हवा, तो एकदम शेवटीच भरतो. बारची आज्ञा तर लूपच्या आतच आहे.

---

सह्यकडा

@काजवा, हा एक प्रश्न नीट समजला की उरलेले निम्मे आपोआप सुटतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मेनलूप ही एकच कारकून बसलेली तिकीट खिडकी आहे. माउसचा क्लिक, की दाबणं, विंडोचा झाकलेला भाग पुन्हा रंगवणं, टायमर, सगळे एकाच रांगेत उभे असतात आणि एकेकाचं काम होतं. तुमच्या बटणाचं फंक्शन हेही त्याच रांगेतलं एक काम. ते दोन मिनिटं चाललं, तर दोन मिनिटं विंडो रंगवायलाही कोणी नाही. बारची किंमत बदलली गेली होती, ती पडद्यावर उतरायची संधी मिळाली नाही, एवढंच.

म्हणून कॉलबॅकमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, टाइम.स्लीप कधीही वापरायचं नाही. ठरावीक वेळाने काही करायचं असेल तर आफ्टर (रूट म्हणजे मुख्य विंडो):

डेफ टिक():
    लेबल.कॉन्फिगर(टेक्स्ट=आत्ताची_वेळ())
    रूट.आफ्टर(१०००, टिक)

इथे 'टिक' पुढे कंस नाहीत. 'टिक()' लिहिलंत तर फंक्शन तिथल्या तिथे स्वतःलाच बोलावत सुटतं आणि 'रिकर्शन एरर' येतो. शिवाय आफ्टरमधले १००० मिलिसेकंद म्हणजे 'निदान एवढे'. रांगेत दुसरं काम असेल तर उशीर होणारच. घड्याळ करताना सेकंद मोजत बसू नका, दर वेळी खरी वेळ वाचा.

काम लांबलचक असेल, म्हणजे नेटवरून डाउनलोड, मोठी फाइल, डेटाबेस, तर ते वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या समांतर धाग्यात, न्या. पण त्या थ्रेडमधून लेबल, बार, कशालाही हात लावायचा नाही. कधी चालतं, कधी 'मेन थ्रेड इज नॉट इन मेन लूप' म्हणून कोसळतं, आणि असा बग पकडणं फार जिकिरीचं. खात्रीची पद्धत अशी:

१. क्यू.क्यू() करून एक रांग ठेवा.
२. बटण दाबल्यावर आधी तेच बटण डिसेबल करा, मग थ्रेड सुरू करा. डेमन=ट्रू द्या, नाहीतर विंडो बंद केल्यावरही प्रोसेस मागे रेंगाळते.
३. थ्रेडने फक्त रांगेत टाकायचं: ('प्रगती', ४०), ('झालं', निकाल), ('चूक', संदेश).
४. मुख्य बाजूला एक फंक्शन दर १०० मिलिसेकंदांनी आफ्टरने फिरत ठेवा. ते गेट_नोवेटने रांग रिकामी होईपर्यंत वाचतं आणि विजेट (लेबल, बटण, बार असे विंडोतले घटक) बदलतं.
५. 'झालं' किंवा 'चूक' आलं की बटण पुन्हा चालू करा आणि पुढचा आफ्टर लावू नका.

थ्रेडमधलं सगळं काम ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवा. तिथे न पकडलेला अपवाद विंडोपर्यंत येत नाही आणि बटण कायमचं बंद राहतं.

---

पाटीपेन्सिल

लूपमध्ये रूट.अपडेट() टाकलं की बार हलतो. मग एवढा खटाटोप का?

---

सह्यकडा

हलतो, पण अपडेट() फक्त रंगवत नाही, रांगेतले साठलेले क्लिकही तिथेच चालवतं. वापरणाऱ्याने बटण पुन्हा दाबलं तर पहिलं फंक्शन अर्ध्यावर असताना त्याच्या पोटात तेच फंक्शन दुसऱ्यांदा सुरू होतं. रिपोर्टमध्ये ओळी दुबार येतात त्या अशा. मध्येच विंडो बंद केली तर पुढची ओळ नाहीशा झालेल्या विजेटला हाक मारते आणि 'इनव्हॅलिड कमांड नेम' येतो. फक्त पडदा ताजा करायचा असेल तर अपडेट_आयडलटास्क्स() त्यातल्या त्यात बरं. ते क्लिक चालवत नाही. पण त्याने विंडो प्रतिसादही देऊ लागत नाही.

एक भर. काम निव्वळ आकडेमोडीचं असेल तर थ्रेडनेही विंडो जडच राहते, कारण नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो. तेव्हा वेगळी प्रोसेस हवी. विंडोजवर ती करताना विंडो उघडणारा सगळा कोड 'इफ नेम == मेन' या अटीच्या आत हवाच, नाहीतर प्रत्येक नवी प्रोसेस तीच फाइल पुन्हा चालवते आणि विंडोवर विंडो उघडत जातात.

---

रानवाट

याच ओघात: आयडलमधून चालवलं तर विंडो दिसते, फाइलवर डबल-क्लिक केलं तर क्षणभर चमकून जाते. शेवटी रूट.मेनलूप() लिहायचं राहिलंय. आयडल टीकेची रांग स्वतः फिरवत असल्यामुळे तिथे ही चूक झाकली जाते. तपासणी नेहमी टर्मिनलवरून करा.

कमांड=जतन_करा आणि कमांड=जतन_करा() यांत लोक फार अडकतात. दुसऱ्या रूपात बटण तयार होतानाच फंक्शन चालून जातं आणि बटणाला मिळतं त्याचं उत्तर, म्हणजे बहुधा नन. मग बटण दाबलं तरी काही होत नाही.

फॉर लूपमध्ये दहा बटणं केली आणि सगळी शेवटचाच क्रमांक दाखवतात? लॅम्डाला आयची किंमत बटण दाबताना कळते, तोवर लूप संपलेला असतो. 'लॅम्डा आय=आय: दाखवा(आय)' असं लिहिलं की प्रत्येक बटणाची किंमत तिथल्या तिथे पक्की होते.

आणि 'नाव = एन्ट्री(रूट).ग्रिड(...)' एका ओळीत लिहू नका. एन्ट्री म्हणजे मजकूर टंकायची चौकट; ग्रिड आणि पॅक या विजेट मांडायच्या आज्ञा नन परत देतात. पुढे नाव.गेट() केलं की 'नन-टाइप' चा एरर येतो. विजेट एका ओळीत करा, मांडा दुसऱ्या ओळीत.

---

काजवा

रांगेची पद्धत लावली, बार हलतोय. धन्यवाद. आता मांडणी: विंडो मोठी केली की सगळं डाव्या वरच्या कोपऱ्यात गोळा होतं.

---

गवाक्ष

ग्रिडमध्ये प्रत्येक स्तंभाचा आणि ओळीचा वेट मुळात शून्य असतो. शून्य म्हणजे वाढलेल्या जागेतला वाटा नको. शिवाय स्टिकी दिलेलं नसेल तर कप्पा वाढला तरी विजेट मध्यभागी आहे तेवढंच राहतं. दोन्ही लागतात:

रूट.कॉलमकॉन्फिगर(१, वेट=१)
रूट.रोकॉन्फिगर(३, वेट=१)
टिपा.ग्रिड(रो=३, कॉलम=१, स्टिकी='एनएसईडब्ल्यू')

लेबलांच्या शून्य क्रमांकाच्या स्तंभाला वेट देऊ नका. रुंदी एन्ट्रीच्या स्तंभालाच मिळू दे. विजेटं फ्रेममध्ये असतील तर वेट त्या फ्रेमला द्यायचा आणि ती फ्रेमही तिच्या पालकात पसरलेली हवी. साखळीतली एक कडी सुटली की पुढचं काही हलत नाही. वेट सगळे नीट देऊनही विंडो ताणली जात नसेल, तर बहुतेक वेळा गडबड इथे असते.

पॅक आणि ग्रिड एकाच पालकात मिसळू नका. टीके ८.६ मध्ये स्पष्ट एरर येतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत दोन्ही मांडणीकार एकमेकांची मापं बदलत राहायचे आणि प्रोग्रॅम लटकायचा. वेगवेगळ्या फ्रेममध्ये दोन्ही खुशाल वापरा. वरच्या टूलबारला पॅक, खालच्या फॉर्मला ग्रिड, ही माझी आवडती विभागणी. ठरावीक जागी विजेट बसवणारं प्लेस टाळा: फॉन्ट बदलला की सगळं एकमेकांवर चढतं.

दुसरी विंडो हवी असेल तर पुन्हा टीके() नको, टॉपलेव्हल() वापरा. दोन टीके() म्हणजे दोन स्वतंत्र टीसीएल इंटरप्रिटर. एकातला स्ट्रिंगव्हार (एन्ट्रीतला मजकूर धरणारं टीकिंटरचं व्हेरिएबल) दुसऱ्यातल्या एन्ट्रीला जोडला तर एरर येत नाही, फक्त गेट() कायम रिकामं देतं.

---

पाटीपेन्सिल

लेबलमध्ये लोगो लावला. फंक्शनच्या बाहेर लिहिलं तर दिसतो, फंक्शनमध्ये लिहिलं तर नुसती रिकामी चौकट.

---

रानवाट

फंक्शन संपलं की फोटोइमेजचं लोकल व्हेरिएबल जातं आणि पायथन चित्र मोडीत काढतं. लेबलकडे फक्त नाव उरतं. 'लेबल.चित्र = फोटो' अशी एक ओळ लिहून संदर्भ धरून ठेवा. पीएनजी टीके ८.६ पासून थेट चालतं. जेपीजी हवं असेल तर पिलो बसवून त्यातलं इमेजटीके वापरा.

---

तळटीप

मराठी मजकुराबद्दल कोणीच बोललं नाही, आणि आपल्याकडच्या प्रोग्रॅममध्ये खरा वेळ तिथेच जातो. सुटे सुटे मुद्दे लिहितो.

दिसणं. विंडोजवर 'निर्मला यूआय' फॉन्ट द्या, जोडाक्षरं व्यवस्थित येतात. मॅकवरही ठीक. लिनक्सवर मात्र टीके ८.६ एक्सएफटी ही लायब्ररी वापरून अक्षरं काढतं आणि एक्सएफटीला देवनागरीची जुळणी येत नाही. 'किल्ला' लिहिलंत तर इकार 'क'च्या डावीकडे यायचा तो उजवीकडे पडतो आणि 'ल्ल' फुटून आधी पाय मोडका ल, मग अख्खा ल दिसतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, त्यात वेळ घालवू नका. लिनक्सवर मराठी दाखवायचं असेल तर क्यूटी किंवा जीटीके ही दुसरी टूलकिटं घ्या. पहिल्यात हार्फबझ आहे, दुसऱ्यात पँगो, दोघांना जुळणी येते.

फाइल. विंडोजवर ओपन() ला एन्कोडिंग सांगितलं नाही तर सहसा यंत्राचं जुनं कोडपेज धरलं जातं आणि मराठी लिहिताना 'चारमॅप' चा एरर येतो. एन्कोडिंग='यूटीएफ-८' दर वेळी लिहा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर 'यूटीएफ-८-सिग' आणि सोबत न्यूलाइन=''. पहिलं नसेल तर एक्सेलमध्ये अगम्य चिन्हं दिसतात, दुसरं नसेल तर प्रत्येक ओळीनंतर रिकामी ओळ.

आकडे. इंट('१२३') पायथनमध्ये बिनतक्रार १२३ देतं, डेसिमलही देवनागरी अंक वाचतं. पण इंटव्हार.गेट() (इंटव्हार म्हणजे आकड्यासाठीचा स्ट्रिंगव्हार) आकडा टीसीएलकडून वाचून घेतं आणि टीसीएलला देवनागरी अंक कळत नाहीत, तिथे एरर. रिकाम्या एन्ट्रीवरही इंटव्हार तसंच कोसळतं. म्हणून सरळ स्ट्रिंगव्हार घ्या आणि रूपांतर स्वतः करा. पैशांसाठी फ्लोट नको, डेसिमल. स्वल्पविरामाचा फॉरमॅट तीन-तीन अंकांनी तोडतो: १,२३४,५६७. आपल्याला १२,३४,५६७ हवं, तर शेवटचे तीन अंक बाजूला काढून उरलेले मागून दोन-दोन तोडणारं छोटं फंक्शन लिहा. लोकेलवर विसंबलात तर दुसऱ्याच्या यंत्रावर ते लोकेल असेलच असं नाही.

शोध. 'कऱ्हाड' शोधलं, यादीत आहे, तरी सापडत नाही. कारण 'ऱ' एका कोडने लिहिता येतो, 'र' आणि नुक्ता अशा दोन कोडने लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरीच जुळणी देतात. पडद्यावर तिन्ही सारखे. युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ('एनएफसी', मजकूर) पहिल्या दोघांना एक करतं. तिसऱ्यासाठी र, हलन्त आणि २००डी हे चिन्ह यांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे हेच फंक्शन लावा.

क्रम. सॉर्टेड() युनिकोडचा क्रम धरतं. त्यात 'ळ' येतो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. 'क्ष' आणि 'ज्ञ' तर 'क' आणि 'ज'च्या पोटात शिरतात. की फंक्शनमध्ये 'ळ'च्या जागी 'ह' आणि त्याला जोडून युनिकोडमधलं सर्वांत वरचं चिन्ह एकदा, 'क्ष'साठी तेच दोनदा, 'ज्ञ'साठी तीनदा घाला. व्यंजनांचा क्रम सरळ लागतो.

---

काजवा

@तळटीप, शोधाचा मुद्दा अगदी मोक्याचा. जोडून विचारतो: ट्रीव्ह्यूमध्ये (तक्ता दाखवणारं विजेट) खाते क्रमांक ००४५१२ दाखवलाय, ओळ निवडून वाचला तर ४५१२ हातात येतो.

---

तळटीप

ट्री.आयटम(...)['व्हॅल्यूज'] वाचताना टीकिंटर प्रत्येक किमतीचा इंट करून बघतं, जमला तर तोच देतं. सुरुवातीची शून्यं गळतात ती तिथे. ट्रीव्ह्यूला डेटाबेस समजू नका. इन्सर्टने परत दिलेला आयडी घेऊन स्वतःची डिक्शनरी ठेवा: नोंदी[आयडी] = मूळ_ओळ. वाचताना सिलेक्शन() मधून आयडी घ्या आणि डिक्शनरीत बघा.

---

रानवाट

लिनक्सचा मुद्दा निघालाच आहे तर माझं मत स्पष्ट सांगतो. दहा-बारा एन्ट्री, एक यादी, एक रिपोर्ट, आणि वापर विंडोजवर, एवढंच असेल तर टीकिंटर. मोठे तक्ते, छपाई, लिनक्सवर मराठी यांतलं काहीही असेल तर पहिल्याच दिवशी पायसाइड६ हे क्यूटीचं पायथन रूप घ्या. अर्ध्यावर बदलणं महागात पडतं.

पायक्यूटी आणि पायसाइड दोन्ही क्यूटीवरच आहेत, फरक परवान्याचा. पायक्यूटी जीपीएल किंवा विकतच्या परवान्यावर, पायसाइड एलजीपीएलवर. कोड खुला न करता गिऱ्हाईकाला द्यायचा असेल तर हे आधी वाचून ठरवा. आणि @सह्यकडा यांनी लिहिलेलं तिथेही जसंच्या तसं लागू आहे. रांगेच्या जागी सिग्नल-स्लॉट ही क्यूटीची निरोप पोचवायची सोय येते, विजेट मुख्य थ्रेडमधूनच बदलायचे हा नियम तोच.

---

पाटीपेन्सिल

शेवटचा टप्पा: पायथन नसलेल्या विंडोज यंत्रावर द्यायचंय. पायइन्स्टॉलरने एक्झी झाली, पण अक्षरं धूसर आहेत, लोगो सापडत नाही, आणि एक बटण दाबलं तर काहीच होत नाही. एररही नाही.

---

सह्यकडा

धूसर अक्षरं: विंडोज तुमची विंडो चित्रासारखी ताणतंय. टीके() च्या आधी सीटाइप्सने एसएचकोअरमधलं सेटप्रोसेसडीपीआयअवेअरनेस(१) बोलवा. नंतर बोलावून उपयोग नाही. फक्त विंडोजवरच चालेल अशी अट घाला.

लोगो: ॲड-डेटा पर्यायाने चित्रांचा फोल्डर सोबत द्या आणि कोडमध्ये पाथ तयार करताना सिस._मेइपास असेल तर तो, नसेल तर फाइलचा स्वतःचा फोल्डर धरा. नुसतं 'लोगो.पीएनजी' लिहिलं तर प्रोग्रॅम जिथून सुरू केला त्या फोल्डरमध्ये शोध होतो.

वनफाइल, म्हणजे सगळं एकाच एक्झीत, शक्यतो नको. ती एक्झी दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये सगळं उलगडते, म्हणून उघडायला वेळ लागतो, आणि अँटिव्हायरसही तिच्यावर जास्त संशय घेतात. शिवाय बंद केल्यावर तो फोल्डर पुसला जातो. एसक्यूलाइटची फाइल तिथे ठेवलीत तर दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी गायब. वनडिर, म्हणजे एक्झी आणि तिच्या फाइली एका फोल्डरमध्ये, करून झिप द्या आणि डेटा वापरणाऱ्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवा. एक्झी विंडोजवरच बांधावी लागते, लिनक्सवर बसून होत नाही.

मुकं बटण: कॉलबॅकमधला अपवाद टीकिंटर पकडतं आणि कन्सोलवर छापतं. विंडोड एक्झीला कन्सोलच नाही, म्हणून तो कोणालाच दिसत नाही. स्वतःचं फंक्शन लावा:

डेफ चूक_नोंदवा(प्रकार, किंमत, माग):
    लॉगिंग.एरर('कॉलबॅक', एक्स_इन्फो=(प्रकार, किंमत, माग))
    मेसेजबॉक्स.शोएरर('अडचण', एसटीआर(किंमत))

रूट.रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन = चूक_नोंदवा

लॉगिंगची फाइल त्याच ॲपडेटा फोल्डरमध्ये, एन्कोडिंग यूटीएफ-८. आधी हे लावून एक्झी पुन्हा बांधा आणि ते बटण दाबा. खोक्यात काय येतं ते इथे लिहा. बहुधा एखाद्या फाइलचा पाथ नाहीतर पायइन्स्टॉलरला न दिसलेलं मॉड्यूल असेल. मॉड्यूल असेल तर हिडन-इम्पोर्ट पर्यायाने त्याचं नाव द्या.